झोळीतले भय

प्रत्येक भाषेत मुलांना भीती घालण्याचे एक छोटेसे शब्दभांडार असते. मराठीत त्यात बागुलबुवा आहे, पोलीस आहे, आणि झोळीवाला गोसावी आहे. पहिला काल्पनिक आहे. दुसऱ्याच्या मागे सरकार उभे आहे. तिसरा मात्र खराखुरा माणूस असून त्याच्या मागे कोणीच नाही. तो सकाळी दारात येतो, डमरू वाजवतो, मूठभर पिठाची किंवा ज्वारीची वाट पाहतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. जेवत नसलेल्या मुलाला घरातली आजी त्याच्याकडे बोट दाखवून सांगते, की "जेव मुकाट्यानं, नाहीतर ह्यो झोळीत घालून नेईल." मूल जेवते, गोसावी निघून जातो. या क्षणिक सोयीची किंमत कोणाला आणि केव्हा द्यावी लागते, याचा विचार या टिपणात करायचा आहे.

माझे गाव जेऊर. करमाळा तालुक्यातले, पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे. ज्या गावाला रेल्वे स्थानक असते, त्या गावाला अनोळखी माणसांची सवय असते असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. उजनीचे पाणी आल्यावर आमच्या भागात ऊस आला, केळी आली आणि त्यांच्या मागोमाग मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. त्यांच्या कोप्या शेताच्या कडेला उभ्या राहत. पाल ठोकून राहणारी कुटुंबे स्थानकाच्या आसपास दिसत आणि काही दिवसांनी दिसेनाशी होत. या सर्वांशी गावाचा व्यवहार चाले, पण ओळख होत नसे. कोणाचे मूल तासभर दिसले नाही, तर पहिली नजर त्या पालांकडे जाई. मूल बहुधा चुलत्याच्या घरी झोपलेले सापडे. नजर मात्र परत बोलावली जात नसे. पुढच्या वेळी ती तिथेच आधी पोहोचे.

महाराष्ट्रातील मुलांच्या अपहरणाचा विषय निघाला की गावित प्रकरणाचे नाव येतेच. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी 1990 ते 1996 या काळात कोल्हापूर, पुणे, ठाणे, नाशिक अशा ठिकाणांहून लहान मुले पळवली. 13 मुलांचे अपहरण आणि त्यांतील किमान 9 मुलांचे खून असा आरोप होता. 1996 मध्ये तिघींना अटक झाली. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच, 1997 मध्ये मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने 2004 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कायम केली. 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरीही शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही, आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जांच्या निर्णयाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले.

या खटल्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी असलेली एक छोटी गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. या बायकांचा मूळ धंदा गर्दीत पाकिटे आणि दागिने चोरण्याचा. एकदा रेणुका चोरी करताना पकडली गेली तेव्हा तिच्या कडेवर तिचे स्वतःचे तान्हे मूल होते. कडेवर मूल असलेली बाई चोरी कशी करील, असा कांगावा तिने केला आणि लोकांनी तो मानला. तिथून पुढे ढाल म्हणून मुले पळवण्याची कल्पना निघाली, असे माफीच्या साक्षीदाराच्या जबानीतून पुढे आले. गर्दीला दिसणाऱ्या चित्रावर गर्दीचा विश्वास असतो, हे या तिघींना पुरते उमगले होते. आणि कडेवर मूल असलेली बाई हे आपल्या समाजातील सर्वांत निःशंक करणारे चित्र आहे. पळवलेले मूल त्या चित्रात एकदा बसवले, की ते पळवलेले दिसतच नाही.

आपल्या पुराणपरंपरेत अपहरणाच्या दोन प्रतिमा आहेत. एक रावणाची. तो सीतेच्या दारात गोसाव्याच्या वेषात, भिक्षापात्र घेऊन येतो. दुसरी पूतनेची. ती सुंदर स्त्रीचे रूप घेऊन, पाजणाऱ्या आईच्या आविर्भावात बाळाला मांडीवर घेते. दोन्ही कथा आपण कीर्तनांतून, हरदासांकडून, आजीकडून सारख्याच ऐकल्या. पण समाजमनाने भीतीसाठी निवड केली ती रावणाची. भिक्षापात्र, भगवी वस्त्रे, दाढी, झोळी आणि परकी बोली यांचा संशयाशी सांधा जुळला तो जुळलाच. गावित प्रकरण ही तर पूतनेची कथा होती. तिथे झोळी नव्हती, कडेवर घेणारी बाई होती. एवढा भयंकर आणि एवढा गाजलेला खटला होऊनही आपल्या संशयाची दिशा मात्र तसूभर बदलली नाही. कडेवर मूल घेतलेल्या बाईकडे कोणी शंकेने पाहू लागले नाही, आणि पाहावे असेही मला म्हणायचे नाही. म्हणायचे एवढेच, की ही भीती अनुभवातून येत असती तर तिचा चेहरा बदलला असता. तो बदलला नाही, याचा अर्थ ती दुसऱ्याच कुठल्या तरी विहिरीतून पाणी काढते.

1996 या सालाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतील टेक्सास राज्यात अंबर हॅगरमन या नऊ वर्षांच्या मुलीला सायकलवरून पळवून तिचा खून करण्यात आला. तिच्या नावाने रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून तातडीची सूचना देण्याची जी पद्धत सुरू झाली, ती आज अनेक देशांत रूढ आहे. त्याच वर्षी मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक क्षेत्रीय प्रकल्प म्हणून, रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइन ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक 1098. आणि त्याच वर्षी गावित मायलेकी पकडल्या गेल्या. तीन घटनांचा परस्परसंबंध नाही, परंतु त्या शेजारी ठेवल्या की एक फरक डोळ्यांत भरतो. तिकडे अपहृत मुलीचे नाव व्यवस्थेला मिळाले. आपल्याकडे खटला ओळखला जातो तो मारणाऱ्यांच्या नावाने. त्या 13 मुलांपैकी एकाचेही नाव सर्वसाधारण मराठी वाचकाला सांगता येणार नाही. पळवलेले पहिले मूल कोल्हापुरातल्या एका भिकारणीचे होते. ते फक्त दीड वर्षाचे होते. पकडले जाण्याची वेळ आली तेव्हा गर्दीचे लक्ष वळवण्यासाठी त्याला जमिनीवर आपटण्यात आले आणि पुढे त्याचा जीव घेण्यात आला. असे गुन्हे सहा वर्षे चालू राहिले. याचे एक कारण गुन्हेगारांची चलाखी हे असेलच. दुसरे कारण असे, की ज्यांची मुले जातात त्यांच्यातल्या अनेकांचा आवाज पोलीस ठाण्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचत नाही.

हरवलेले मूल आणि पळवलेले मूल यांत कायद्याच्या व्यवहारात फार मोठे अंतर होते. मूल हरवल्याची खबर दिली की तिची नोंद एका वहीत होई आणि वही मिटली जाई. नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, त्यामुळे तपासही नाही. आईबापांना बहुधा ऐकावे लागे, की मुलगी कोणाबरोबर गेली असेल, मुलगा मुंबई पाहायला पळाला असेल, येईल चार दिवसांनी. डिसेंबर 2006 मध्ये नोएडाजवळच्या निठारी गावात नाल्यातून मुलांचे सांगाडे निघाले तेव्हा या वहीचा अर्थ देशाला कळला. हरवलेली मुले बहुतांशी मजुरांची होती आणि त्यांचे आईबाप महिनोन्‌महिने ठाण्यात खेटे घालत होते. पुढे त्या प्रकरणातील आरोपींना अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुराव्याअभावी दोषमुक्त केले. म्हणजे तक्रारी वेळेवर घेतल्या गेल्या नाहीत, आणि घेतल्यावर केलेला तपासही न्यायालयात टिकला नाही. मुलांना दोन्ही वेळा न्याय मिळाला नाही.

बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी जो आदेश दिला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत ते मूल पळवले गेले आहे किंवा विकले गेले आहे असे गृहीत धरून तपास करावा, असा त्याचा आशय. वरवर पाहता हा कारकुनी बदल आहे. पण भाषेच्या अभ्यासकाला त्यात एका क्रियापदाचा बदल दिसेल. ‘हरवले’ या क्रियापदात कर्ता मूलच असते, दोषही जणू त्याचाच. ‘पळवले’ म्हटले की दुसरा कर्ता शोधावा लागतो. राज्ययंत्रणेला ते शोधणे भाग पाडणारा हा आदेश होता. त्यानंतर हरवलेल्या मुलांच्या नोंदी देशभर जुळवणारी संकेतस्थळे, रेल्वे स्थानकांवर एकट्या मुलांना ओळखून थांबवण्याच्या मोहिमा, ‘ऑपरेशन मुस्कान’ असे उपक्रम आले. 1098 ही सेवा 2023 पासून शासनाच्या 112 या आपत्कालीन यंत्रणेशी जोडली गेली. यांतल्या प्रत्येकाच्या यशापयशाविषयी वाद घालता येईल, तरी दिशा योग्य होती. तिच्यात मूल मध्यभागी होते.

2018 च्या उन्हाळ्यात मात्र मध्यभागी दुसरेच कोणी आले. कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करणारी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात, थोड्याच वेळात परत येऊन त्याला सोडतात, आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी या फितीचा शेवट कापला. मूल परत येते तो भाग गेला, फलक गेला, आणि उरले ते निव्वळ अपहरण. ही कापलेली फीत ‘मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे’ अशा मजकुरासह भारतात हातोहात फिरली. बालसुरक्षेसाठी केलेल्या कृतीचे हत्यार व्हायला फक्त शेवटचे काही क्षण वगळणे पुरले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण संहितेतून वाक्य तोडून अर्थ लावू नये असे वर्गात सांगतो. त्या नियमाचे इतके रक्तरंजित उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष तिथे भिक्षा मागायला आले होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, असे सांगितले गेले. एवढे पुरले. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथे पाचही जणांना ठार केले. मृतांपैकी बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातील, मंगळवेढा तालुक्यातले. त्याच रात्री मालेगावात लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावाच्या तावडीतून पोलिसांनी कसेबसे सोडवले. मूल त्यांचेच होते. स्वतःचे मूल जवळ असणे हाही पुरावा ठरू लागला होता, मात्र गरिबांच्याच बाबतीत. रेणुका शिंदेला ज्या चित्राने वाचवले, तेच चित्र या कुटुंबाला वाचवू शकले नाही. फरक चित्रात नव्हता, ते पाहणाऱ्यांच्या मनात आधीपासून असलेल्या चौकटीत होता.

मंगळवेढे म्हणजे दामाजीपंतांचे गाव. दुष्काळात कोठारे उघडून भुकेल्यांना धान्य वाटणाऱ्या माणसाचे नाव त्या मातीला चिकटले आहे. तिथली ज्वारी प्रसिद्ध, आणि पाऊस लहरी. तिथून डवरी गोसावी शेकडो मैल दूर भिक्षेला जातात ते कुटुंबाची परंपरा म्हणून, आणि गावात दुसरे काही हाताला लागत नाही म्हणूनही. जेऊर आणि मंगळवेढे एकाच जिल्ह्यात आहेत. बातमी आली तेव्हा आमच्याकडे हळहळ झाली. पण ती हळहळ ‘आपली माणसे गेली’ अशी नव्हती, ‘गैरसमजातून झाले’ अशी होती. या ‘गैरसमज’ शब्दाजवळ मी बराच काळ थांबलो आहे. गैरसमज होण्यासाठी आधी काही समज असावा लागतो. तो समज व्हॉट्सअ‍ॅपने एका आठवड्यात तयार केला असे मानणे सोयीचे आहे, पण खरे नाही. फिरत्या मजकुराने काडी ओढली, सरपण जुने होते.

ते सरपण आपल्या भाषेतच रचलेले आहे. ‘भामटा’ हा शब्द आपण फसवणाऱ्यासाठी वापरतो, तो मुळात एका जमातीचे नाव आहे हे विसरून. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार असू शकतात हे तत्त्व सरकारी दप्तरात बसवले. त्या कायद्याखाली सोलापूर शहरात तारेच्या कुंपणाची जी वसाहत झाली, तिला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, कुंपण गेले, शब्द राहिला. लक्ष्मण माने यांनी 1980 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले आणि लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये ‘उचल्या’. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, दोन्ही आपल्या अभ्यासक्रमांत आली. शिवीचेच शीर्षक करून ती समाजाला परत देण्याची ही रीत आपण परीक्षेत व्यवस्थित समजावून सांगतो. डवरी गोसावी हे भटक्या जमातींत मोडतात, गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या विमुक्त जमातींत नव्हे. पण गावच्या नजरेला हा भेद कधीच माहीत नव्हता. आपण शिकवलेल्या पुस्तकांनी ती नजर किती बदलली, हा प्रश्न मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने राईनपाड्यानंतर स्वतःला विचारण्यासारखा आहे. पदवीधर माणसेही ते मजकूर पुढे पाठवत होती.

त्या घटनेनंतर उपाय झाले. संदेश पुढे पाठवण्यावर त्याच जुलै महिन्यात भारतात पाच संवादांची मर्यादा आली. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. पोलिसांनी गावोगाव अफवांविरुद्ध दवंड्या दिल्या. तरीही एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी अशाच अफवेच्या वातावरणात गेला. यावरून बालसुरक्षेचे काम करणाऱ्यांनीच गप्प बसावे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. मुले खरोखर हरवतात, विकली जातात, भिकेला लावली जातात. भीती खोटी नाही, तिचा पत्ता चुकलेला आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या प्रकरणांत बहुसंख्य आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. घर सोडून रेल्वेने निघालेल्या मुलांशी बोलणारे कार्यकर्ते सांगतात, की त्यांतली अनेक मार, भूक किंवा नापास होण्याची धास्ती यांपासून पळालेली असतात. ज्याच्यापासून मूल पळते तो बहुधा घरातच असतो. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा धडा या मुलांच्या काही उपयोगाचा नाही. उलट स्थानकावर एकट्या पडलेल्या मुलाला मदत मागायची असते ती अनोळखी माणसाकडेच.

म्हणून सुरक्षिततेचे शिक्षण म्हणजे भीतीचे शिक्षण नव्हे, असे मला वाटते. मुलाला स्वतःचे, आईबापांचे आणि गावाचे नाव सांगता यावे, 1098 पाठ असावा, अंगाला कोणी नको तसा हात लावला तर तो काकाच का असेना, ते घरात बोलता यावे आणि घराने ते ऐकून घ्यावे. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यात बदलायचे असते ते मोठ्यांनी. झोळीवाल्याकडे बोट दाखवणे त्यापेक्षा फार सोपे.

सप्टेंबर 2022 मध्ये विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा येथे मुले पळवणारे समजून बेदम मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. जत आणि मंगळवेढे हे शेजारी तालुके. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या मुलखाने आपली माणसे अफवेत गमावली, त्याच्या वेशीवर हे घडले. शतकानुशतके दिंड्या जिथून जातात, तिथे पंढरीची वाट विचारणे संशयास्पद ठरले.

या सगळ्यात एका मुलाचा विचार करायचा राहून जातो. पालात राहणाऱ्या, शाळेच्या पटावर नसलेल्या, जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचा. त्याचे आईबाप भिक्षेला गेलेले असतात आणि तो महामार्गाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेला असतो. अपहरणाचा धोका आकडेमोडीने पाहिला तरी सर्वांत अधिक त्यालाच. तो उद्या दिसेनासा झाला, तर त्याचे आईबाप ठाण्यात जायला धजावतील का? गेले, तर 2013 चा आदेश त्यांच्यासाठी उघडेल, की आधी त्यांचीच चौकशी होईल? 1990 मध्ये कोल्हापुरात भिकारणीचे दीड वर्षाचे मूल गेले तेव्हा कोणी शोधायला निघाले नाही. आज स्थानकाच्या पलीकडे पाल पडलेले पाहतो, त्या पालापुढे खेळणारी मुले पाहतो, तेव्हा मला प्रश्न पडतो तो त्यांच्यापासून आपली मुले कशी सांभाळावीत हा नाही. ही मुले कोणाच्या हिशेबात आहेत, हा आहे.